सुकलेलं खत, पिवळा पालक: कुंभारीतल्या एका परसबागेचा प्रकरण अभ्यास

खत घातलेला वाफा पिवळा आणि न घातलेला हिरवा, ही तक्रार सोलापुरात पावसाळा सुरू झाला की ऐकू यायला लागते. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: खत कमी पडलं असेल, अजून घाला. या घरालाही गल्लीतून तोच सल्ला मिळाला होता. सुदैवाने ड्रममधलं खत जवळजवळ संपलं होतं, म्हणून अर्धा वाफा वाचला. आणि तो वाचला म्हणूनच हे प्रकरण लिहिण्याजोगं झालं, कारण एकाच अंगणात, एकाच पाण्यावर, एकाच दिवशी पेरलेल्या दोन वाफ्यांची तुलना आयती समोर आली.

घर कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत आहे. विडी कामगार महिलांसाठी उभारलेली ही दहा हजार घरांची वसाहत 2006 मध्ये राहती झाली. या घराच्या मागे साधारण दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा, कोपऱ्यात शेवगा. घरातली मोठी बाई आयुष्यभर विड्या वळत आलेली. गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही अक्काच म्हणते. मुलगा यंत्रमागावर, सून घरी शिवणकाम करते. खताचं वेड सुनेचं. तिने मोबाईलवर व्हिडिओ बघून निळ्या प्लास्टिकच्या ड्रमला तापल्या सळईने भोकं पाडली आणि फेब्रुवारीपासून तो भरायला घेतला.

ड्रममध्ये काय गेलं याची यादी मी बसून विचारली, कारण निम्मं निदान तिथेच होतं. भाजीची देठं, कांद्याची टरफलं, चहाचा चोथा, उरलेला भात, अंड्यांची कवचं. हे कुणाच्याही घरचं. त्याशिवाय दोन गोष्टी खास या वस्तीच्या. एक, तेंदूपत्त्याची कात्रणं. विडीसाठी पान भिजवून, पट्टी ठेवून कापतात, आणि कडेची कात्रणं रोज सुपाने निघतात. एरवी ती पाणी तापवायच्या चुलीत जातात. दुसरी, त्याच चुलीतली राख. "राखेने खत भारी होतं" असं व्हिडिओत सांगितलं होतं म्हणे, म्हणून दर थराला ओंजळभर राख. दर आठवड्याला ड्रम ढवळायचा, हेही व्हिडिओतलंच, आणि ते सुनेने इमानदारीने केलं.

मे संपता संपता ड्रममधला ऐवज निम्म्यावर आला होता. रंग गडद तपकिरी, वास नाही, हात घातला तर गरम लागत नाही, मुठीत घेतलं तर कुरकुरीत भुगा. म्हणजे तयार खताची पुस्तकात लिहिलेली सगळी लक्षणं. पहिला पाऊस पडल्यावर चार बोटांचा थर अर्ध्या जागेत पसरून मातीत मिसळला. दोन्ही अर्ध्यांत पालक, मेथी, अंबाडी, गवार पेरली, वांग्याची, मिरचीची आणि टोमॅटोची रोपं लावली. अंबाडी तर हवीच. हे घर तेलुगू, पुंटीकूर म्हणजे अंबाडीची भाजी नसेल तर परसबागेला अर्थ काय, असं अक्कांचं मत.

मी गेले तेव्हा जुलै लागला होता. अक्का म्हणाल्या, "खत घातलंय तितंच पिवळं पडलालंय बघा ताई. पोरीनं विष केलंय का खत?" सून बाजूला उभी, चेहरा पडलेला.

पिवळा रंग एक नव्हता, दोन होते, आणि हे आधी वेगळं काढणं भाग होतं. पालक आणि वांग्याची खालची, जुनी पानं सबंध पिवळी झाली होती, शिरांसकट. वाढ खुंटलेली, वरची पानं फिकट आणि बारीक. झाडाला नत्र (नायट्रोजन) कमी पडलं की ते जुन्या पानांतलं नत्र ओढून नव्या पानांना पाठवतं, म्हणून नत्राची उपासमार खालून वर चढते. टोमॅटोत मात्र उलटं होतं. खालची पानं बरी, शेंड्याची कोवळी पानं पिवळी, आणि त्यावर शिरांचं हिरवं जाळं स्पष्ट उठून दिसणारं. ही लोहाची खूण. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात सहज सरकत नाही, त्यामुळे टंचाई नव्या पानांवर आधी उमटते.

तिसरी खूण सगळ्यात बोलकी होती आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याच खताच्या वाफ्यातली गवार हिरवीगार उभी होती. खत विषारी असतं तर गवार कशी जगली? गवार शेंगवर्गातली. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधून तिला देतात, मातीत नत्र असो की नसो. मी एक रोप उपटून गाठी दाखवल्या. एक गाठ नखाने फोडली तर आत गुलाबीसर रंग, म्हणजे गाठ काम करत होती. मेथीही पालकापेक्षा बरी होती, त्याच कारणाने. तेव्हा मातीत विष होतं असं नाही, नत्र नव्हतं. आणि ते खाल्लं होतं खतानेच.

खत तयार नव्हतं, नुसतं सुकलं होतं

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि सोलापुरापुरता तो फार महत्त्वाचा आहे. कंपोस्ट कुजवणारे जिवाणू आणि बुरशी यांना ओल लागते. ढिगात वजनाच्या निम्मं किंवा थोडं जास्त पाणी असलं की काम जोरात चालतं, ओल फार खाली गेली की ते थांबतं. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 अंशांवर. भोकं पाडलेला ड्रम उन्हात, वर दर आठवड्याला ढवळणं. ढवळणं ही ओल्या हवामानातली गरज आहे. तिथे ढीग घट्ट बसतो, आत हवा जात नाही, सडका वास सुटतो. इथे ढवळणं म्हणजे वाळवण उलटंपालटं करणं. भाजीपाल्यात पाणीच जास्त, ते उडून गेलं आणि ड्रम निम्म्यावर आला. वास गेला, कारण कुजणंच थांबलं. गरमी गेली, तीही त्याच कारणाने. तयार खताची लक्षणं आणि अर्धवट कुजून वाळलेल्या कचऱ्याची लक्षणं सोलापूरच्या उन्हाळ्यात एकसारखी दिसतात. कोरड्या मालावरून ओळखताच येत नाही.

मग जूनचा पाऊस पडला, तो भुगा मातीत गेला, ओला झाला, आणि थांबलेलं कुजणं पुन्हा सुरू झालं. ड्रममध्ये व्हायचं ते मुळांशेजारी झालं. आणि तेंदूपत्ता हे चिवट, चामड्यासारखं पान. त्यात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र फार थोडं. कुजण्यासाठी कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण साधारण 25 ते 30 भागांना एक असावं लागतं. कर्ब त्याहून बराच जास्त झाला की जिवाणू आपल्या शरीरासाठी लागणारं नत्र मातीतून उचलतात. ते कायमचं जात नाही. जिवाणू मेले की परत मिळतं. पण पालकाचं आयुष्य दीड महिन्याचं, त्याला थांबायला वेळ कुठे?

हे सगळं तोंडी सांगून भागलं नसतं, म्हणून आम्ही दोन तपासण्या केल्या. दोन्ही घरातल्या सामानात होतात.

ड्रमच्या तळाशी शिल्लक होतं त्यातलं दोन मुठी खत घेतलं, पिळल्यावर एखादा थेंब येईल इतकं ओलं केलं, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं आणि सावलीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी सुनेने फोन केला. पिशवी उघडताच आंबूस भपकारा आला होता. तयार खत असतं तर पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास यायला हवा होता.

दुसरी तपासणी हळिवाची. बाळंतिणीला लाडू करून देतो तेच हळीव. खत परिपक्व आहे का हे पाहायला प्रयोगशाळांतही हेच बी वापरतात, कारण ते चटकन उगवतं आणि कच्च्या खताला फार नाजूक असतं. एक वाटी खत दहा वाट्या पाण्यात रात्रभर भिजवलं, सकाळी जुन्या सुती कापडाने गाळलं. दोन थाळ्यांत ओला कागदी रुमाल अंथरला, एका थाळीला साधं पाणी, दुसरीला हा अर्क, दोन्हींत मोजून सारखं बी. हळीव भिजल्यावर बुळबुळीत होतं, त्यामुळे बिया सुट्या ठेवाव्या लागतात, नाहीतर एकमेकींना चिकटून बसतात. दोन-तीन दिवसांत साध्या पाण्यातल्या जवळपास सगळ्या बियांना पांढरी, सरळ, लांब मुळं फुटली. अर्कातल्या निम्म्या बियांनी डोळाही उघडला नव्हता, आणि ज्यांना मुळं आली ती आखूड, टोकाला तांबूस. अक्कांनी दोन्ही थाळ्या शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या आणि सुनेला तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. सून हसली, तेव्हा मी समजले की दोघींत मिटलं.

टोमॅटोचं वेगळंच दुखणं

लोहाचा भाग जास्त गुंतागुंतीचा होता. इथली माती बेसॉल्टपासून झालेली, चुनखडीची. अंगणात मुरमाचा भराव आणि वर कुठल्या तरी शेतातली काळी माती, त्यात पांढरे खडे डोळ्यांना दिसत होते. चमचाभर मातीवर व्हिनेगर टाकलं तर ती फसफसली. अशा अल्कधर्मी मातीत लोह असतं, पण झाडाला घेता येईल अशा रूपात नसतं. वापरायचं पाणी बोअरचं, भांड्यावर पांढरा थर धरणारं, म्हणजे त्यातूनही रोज तोच भार. आणि याच्यावर राख. राख ही स्वतः चांगलीच अल्कधर्मी. जिथे माती आम्ल आहे, कोकणात किंवा भरपूर पावसाच्या प्रदेशात, तिथे राख आणि अंड्याची कवचं घालायला सांगतात ते योग्यच आहे. व्हिडिओ कुठल्या मातीसाठी केलाय हे व्हिडिओ सांगत नाही, एवढाच दोष. कवचांनी नुकसान झालं नसतं, पण चुनखडीच्या मातीत चुना घालून मिळायचं काय?

इथे एक आडमुद्दा. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1920 च्या दशकात इंदूरला काळ्या मातीच्याच मुलखात कंपोस्टची पद्धत बसवली, आणि त्या पद्धतीतही राख होती, असं कुणी मला दाखवून देईल. होती. पण बैलांच्या गोठ्यातला काडीकचरा, शेण आणि मुताने भिजलेली माती यांच्या मोठ्या राशीवर शिंपडण्यापुरती. ड्रमच्या दर थराला ओंजळभर हा हिशेब वेगळा. त्याच पद्धतीतली खरी घेण्यासारखी गोष्ट म्हणजे कोरड्या दिवसांत खत खड्ड्यात करायचं आणि पावसाळ्यात जमिनीवर ढीग करून. ती कुणी सांगत नाही.

निदान पक्कं करायला लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) आणि अर्ध्या लिंबाचा रस असं करून फक्त दोन टोमॅटोंवर संध्याकाळी फवारलं, बाकीची तशीच ठेवली. आठवड्याभरात त्या दोन झाडांच्या शेंड्यावर हिरवेपणा परतला. तेव्हा बाकीच्यांवर फवारणी केली.

मिरचीची पानं मात्र वळली होती आणि शेजारच्या बाईंनी त्याचं खापर खतातल्या तंबाखूवर फोडलं. पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळलेली, मागे बारीक फुलकिडे. हा साधा चुरडा-मुरडा, खताशी संबंध नाही. तरी तंबाखूचा विषय मी तिथेच सोडला नाही. तंबाखूवर येणारा मोझॅक विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकतो, आणि टोमॅटो-मिरची त्याच कुळातली. तो किड्यांनी नाही, हातांनी पसरतो. दिवसभर तंबाखू हाताळून त्याच बोटांनी टोमॅटोचे फुटवे खुडणं ही त्याला आमंत्रण देण्याची रीत. या अंगणात मोझॅकची चितकबरी पानं दिसली नाहीत. पण सूप झाडलेला तंबाखूचा चुरा खतात टाकायचा नाही, आणि रोपांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे, हे दोन नियम मी घालून दिले. अक्कांना दुसरा जड गेला. हात धुतले की परत पान वळायला बोटं कोरडी करावी लागतात, विड्या कमी होतात, आणि विड्यांवर मजुरी. म्हणून टोमॅटोचं काम सुनेकडे गेलं. हा माझा उपाय नव्हता, त्यांचाच, आणि माझ्यापेक्षा चांगला.

पुढच्या हंगामाला काय बदललं

पिवळ्या पालकाला वाचवण्यात अर्थ नव्हता, तो उपटला. वांग्यांना मी चमचाभर युरिया पाण्यातून द्या म्हटलं, कारण भुकेल्या झाडाला आज हवं ते आज द्यावं, असं माझं मत आहे. अक्कांनी साफ नकार दिला: युरियाच घालायचा तर बाजारातली वांगी काय वाईट? मग शेंगदाण्याची पेंड आणली. तिच्यात सात टक्क्यांच्या आसपास नत्र असतं. पाण्यात दोन दिवस भिजवून, पातळ करून बुडाशी ओतली. घाण वास, मुंग्या, आणि एका रात्री उंदीर. पण वांगी सावरली.

ड्रम सोडून दिला. शेवग्याच्या सावलीत दोन फूट खोल खड्डा घेतला, मुरूम फोडायला मुलाने दोन रविवार घातले. कात्रणं आता रात्रभर पाण्यात भिजवून टाकतात. एक घमेलं कात्रणं, दोन घमेली स्वयंपाकघरातलं ओलं, आणि वर शेणकाला. शेण जवळच्या गोठ्यातून येतं. वरून ओलं बारदान. राख परत भांडी घासायला गेली. ढवळणं जवळपास बंद. हात घालून पिळून बघायचं, थेंब येत नसेल तर पाणी. धुण्याचं साबणाचं पाणी नाही, तांदूळ धुतलेलं चालतं. श्रावणात खड्ड्यात राखाडी, चपट्या अळ्या वळवळताना दिसल्या आणि सुनेने घाबरून फोटो पाठवला. त्या ओल्या खरकट्यावर येणाऱ्या माशीच्या अळ्या, खतच करतात, झाडाला धरत नाहीत. वर कोरड्या पानांचा थर वाढवला, कमी झाल्या.

जुन्या ड्रममधलं उरलेलं खत फेकलं नाही. वाळूच्या चाळणीतून चाळलं. बारीक भाग नव्या खड्ड्यात, जाड कात्रणं वांग्याभोवती मातीवर आच्छादन म्हणून. कर्बाचा माल मातीत मिसळला तर नत्र ओढतो, वर नुसता पसरला तर मातीला लागलेल्या पातळ थरापुरतंच काय ते ओढतो, आणि उलट ओल धरून ठेवतो. इथे पाणी वाचवणं हेच मोठं काम आहे, म्हणून तेंदूपत्त्याचा सगळ्यात चांगला उपयोग मला आच्छादनातच दिसतो. वाळवीवर तेवढं लक्ष ठेवायचं.

दिवाळीनंतर नव्या खड्ड्यातलं खत हळिवाच्या परीक्षेत पास झालं, तेव्हाच वाफ्यात गेलं. चौरस मीटरला सुमारे तीन किलो. इथे सुनेची एक गैरसमजूत दूर करावी लागली. घरच्या खतात कोरड्या वजनाच्या साधारण एक टक्का नत्र धरा. तीन किलो ओल्या खतात दीडेक किलो कोरडं, म्हणजे पंधराएक ग्रॅम नत्र. त्यातलं पहिल्या हंगामात झाडाला मिळतं ते दहा-वीस टक्के, म्हणजे दोन-तीन ग्रॅम. वांग्याला शिफारस आहे हेक्टरी 150 किलोच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला 15 ग्रॅम. तेव्हा पालक, मेथी, अंबाडी घरच्या खतावर निभावतात, वांग्याला पेंड लागणारच. खताचा फायदा दुसरीकडे दिसला. तो वाफा पाणी दिल्यावर चिखल होऊन तडकत नव्हता, खुरपं सहज शिरत होतं, आणि दोन पाण्यांमधलं अंतर वाढवता आलं.

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली तेव्हा अंबाडीचे तीन तोडे होऊन गेले होते आणि पालक शेजारी वाटला जात होता. पुन्हा पिवळा पडला तो एकच कोपरा, जिथे पूर्वी चुलीची राख ओतायची जागा होती. तिथे हिराकस फवारत राहण्यापेक्षा काही वर्षं गवार नाहीतर शेवग्याचं दुसरं झाड, असं ठरलं.

टोमॅटोचं मात्र जमलं नाही. फळं लागली, पण बुडाला काळा, दबलेला डाग. चुनखडीच्या मातीत कॅल्शियमची कमी कुठून, असं सुनेने विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता. मातीत कॅल्शियम आहे, पण ते फळापर्यंत पाण्याबरोबर चढतं. पाणी एक दिवस भरपूर आणि मग दोन-तीन दिवस नाही, असं झालं की फळाच्या टोकाला ते पोचत नाही. यावर खत, कवचं, फवारणी काही चालत नाही, रोज थोडं पाणी चालतं. उन्हाळ्यात तेवढं पाणी या घराकडे नाही. म्हणून फेब्रुवारीत टोमॅटोच्या जागी गवार पेरली, आणि टोमॅटो पुढच्या पावसाळ्याला, शेवग्याच्या बाजूच्या ओळीत लावायचे ठरलेत.